धुऱ्याखालचा पडदा

खेमराजने धुऱ्यावर खोदायचं यंत्र आणलंय, ही बातमी देवांगनाला नवऱ्याकडून कळली. भावाने स्वतः काही सांगितलं नव्हतं. तिने गॅस बंद केला, डोक्यावर ओढणी घेतली आणि वैशाखाच्या उन्हात तशीच शेताकडे निघाली.

तिच्या आणि खेमराजच्या शेतांमधला बांध म्हणजे धुरा. त्याला लागून ते यंत्र हळूहळू सरकत होतं. पुढे करवतीसारखं लांब पातं होतं, ते जमिनीत छातीइतकं खोल शिरत होतं. मागच्या रिळावरून जाड काळं प्लास्टिक त्या फटीत उभं उतरत होतं आणि शेवटची दोन चाकं माती दाबून फट बुजवत होती. यंत्र पुढे गेलं की जमिनीवर एक रेघ तेवढी उरत होती.

खेमराज बाभळीच्या सावलीत उभा होता. बहिणीला पाहून त्याने गळ्यातला दुपट्टा काढून तोंड पुसलं.

"हे काय लावून राह्यला, दादा?"

"पडदा."

"कायचा पडदा?"

"तुले माहीत नाही?" खेमराज तिच्याकडे न बघता म्हणाला. "माही ओल जमिनीखालून तुह्या बांधीत जाते. नकाशात बाण आहे. तूच तं दाखवला साऱ्या गावाले."

"पाणी खालतं जातेच. बाबा होते तवाही जात होतं."

"जात असंन. पण तवा कोणाले दिसत नव्हतं."

यंत्रवाल्याने मागे वळून पाहिलं. खेमराजने हातानेच त्याला चालू ठेवायला सांगितलं.

नकाशा देवांगनानेच गावात आणला होता, हे खरं होतं. ती कृषी शाखेची पदवीधर. काही वर्षं नागपुरात नोकरी करून कोसमटोल्याला परतली, गावातल्याच नितेशशी लग्न केलं आणि शेतकरी मंडळाचं काम बघू लागली. हिवाळे बदलले होते. पूर्वी धान निघाल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या या चिखलाच्या शेतांमध्ये, लोक लाखोळी, जवस घ्यायचे. आता सौम्य थंडीत वाढणारं, लवकर येणारं सोयाबीनचं वाण निघालं होतं आणि धानामागून सोयाबीन घेणं परवडू लागलं होतं. अडचण एकच होती, पेरणीची वेळ.

धानासाठी चिखलणी केलेली माती पाणी उतरल्यावर आधी डिंकासारखी चिकट असते. तेव्हा बी टाकलं तर त्याला हवा मिळत नाही, ते कुजतं. नंतर तीच माती विटेसारखी कडक होते. तेव्हा बी फुगतं, मोड काढायला बघतं आणि तिथेच मरतं. या दोन्हींच्या मधे वाफसा येतो. माती मुठीत दाबली तर गोळा होते, पण हाताला चिकटत नाही. त्या थोड्या दिवसांत पेरलं तर पीक हाती. शिवाय वाट बघत बसायचीही सोय नाही, कारण उशिरा पेरलेल्या झाडाच्या शेंगा भरायच्या वेळी फाल्गुनाचं ऊन तापायला लागतं.

देवांगनाने मंडळाकडून शेतांमध्ये खांब उभे करवले. त्यांचं काम कसं चालतं, हे तिने तेव्हा समाजमंदिरात लोकांना समजावून सांगितलं होतं. आकाशातून, सूर्याच्याही पलीकडून, अतिशय सूक्ष्म कण सतत पृथ्वीवर येत असतात. ते हवेतल्या आणि मातीतल्या अणूंना धडकले की त्यांतून न्यूट्रॉन उडतात. हे न्यूट्रॉन भलते वेगवान. पण पाण्यातला हायड्रोजन जवळजवळ त्यांच्याच वजनाचा असतो. एक गोटी तेवढ्याच गोटीवर आपटली की जागीच थबकते, तसा हायड्रोजनला धडकून न्यूट्रॉनचा वेग मरतो. म्हणून माती ओली असली की जमिनीतून वर येणारे वेगवान न्यूट्रॉन कमी होतात आणि कोरडी असली की वाढतात. खांबावरची नळी तेवढंच मोजते. ना खड्डा खणायचा, ना माती तपासायला पाठवायची.

पहिल्या हंगामात गाव खूश होतं. मोबाइलवर आपली बांधी हिरवी दिसली की पेरायचं, पिवळी दिसली की थांबायचं, तांबडी झाली की वेळ गेली. दुसऱ्या हंगामात खांब वाढले. एका खांबाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहताना संगणकाने नकाशावर बाण काढायला सुरुवात केली. कुणाच्या शेतातली ओल जमिनीखालून कुणाच्या शेतात झिरपते, ते दाखवणारे बाण. सर्वांत ठळक बाण खेमराजच्या उंचावरच्या बांधीतून निघून देवांगनाच्या खोलगट बांधीत शिरत होता.

तिने तो सर्वांच्या आधी पाहिला होता. बाण झाकून ठेवणं तिच्या हातात होतं. पण शेतं लोकांची आणि आकडेही त्यांचेच, असं म्हणून तिने मंडळाच्या बैठकीत तो नकाशा पडद्यावर लावला. खेमराज मागच्या रांगेत बसला होता. तो मधेच उठून गेला.

त्याला लागणारच होतं. वडील गेल्यावर वाटणीत त्याने बहिणीला ती खोलगट बांधी दिली होती. तिथे बैलगाडीची चाकं रुतायची, धान आडवं व्हायचं. कुणालाच ती नको होती. आता धानामागच्या सोयाबीनला तीच बांधी सर्वांत चांगली ठरली होती. तिच्यातली ओल इतरांपेक्षा कितीतरी जास्त टिकायची. खेमराजच्या उंचावरच्या शेतात मात्र धान कापून होईपर्यंत वाफसा येऊन जायचा.

यंत्र आलं त्या दिवशी देवांगना धुऱ्यावरून परतली तेव्हा पडद्याची रेघ पार टोकापर्यंत गेली होती.

पावसाळा नेहमीसारखा आला, धानाची रोवणी झाली. पण तिचं कशातच लक्ष लागेना. स्वयंपाक करता करता ती मोबाइल उघडायची, बांध्यांमध्ये पाणी तुंबलेलं असताना नकाशात काहीच कळणार नाही हे माहीत असूनही उघडायची. गावात बांधाबांधावर पडदे घातले जात होते. एकाने घातला की त्याच्या खालचा घाबरून आपल्या खालच्या बाजूला घालत होता. खेमराज वाटेत भेटला तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचा. राखीला ती त्याच्या घरी गेली. त्याने राखी बांधून घेतली, चहा पाजला आणि दोघं पावसाबद्दल बोलली.

धान पोटरीत आलं तेव्हा पडदे विकणाऱ्या कंपनीचा माणूस तिच्या घरी आला. गभने नाव, बोलायला मऊ.

"ताई, वरून आता तुमच्याकडे काही येणार नाही," त्याने तिच्याच नकाशावर बोट ठेवून सांगितलं. "आहे ते तरी धरून ठेवा. खालच्या बाजूने पडदा घालून घ्या. तिकडे कोणाची शेतं पण नाहीत. नुकसान कोणाचंच नाही."

"खाली ढिवर टोली आहे," देवांगना म्हणाली.

"हो, पण शेती नाही ना त्यांची. तलावावर मासे धरणाऱ्यांची वस्ती ती."

"विहीर आहे."

"विहिरीला काय ताई, तलावाचं पाणी असते."

तलाव टोलीपासून लांब होता आणि विहिरीच्याही खालच्या अंगाला. हे तिला माहीत होतं. बहुधा गभनेलाही माहीत असावं.

नितेश चहाचे कप घेऊन आला. "घालून टाकू," तो म्हणाला. "साऱ्यांनी घातले. आपणच कायले मागं राहायचं?"

देवांगनाने कप घेतला. मागच्या वर्षीचं कमरेला लागणारं सोयाबीन तिच्या डोळ्यांसमोर होतं. "कापणी झाली की या," ती शेवटी म्हणाली.

कार्तिकात धान पिवळं पडलं. तिने ते थोडं हिरवटच कापायला घेतलं, कारण नकाशावर तिच्या बांधीचा रंग रोज बदलत होता. बाकीचा नकाशा तर तिला ओळखू येईना. पूर्वी ओल उतारावरून पसरत, वळणं घेत खाली जाताना दिसायची. आता सगळं गाव चौकोनी तुकड्यांचं झालं होतं, प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा. वरच्या अंगाला मुरमाड जमिनी होत्या, त्यांना पडद्याचा फायदा झाला होता. तिथली मंडळी हसतमुखाने पेरत होती. खेमराजची माती मात्र भारी, काळी, चिकण. तिथे अडलेल्या पाण्याला वाटच उरली नव्हती. त्याची बांधी पिवळीच्या पिवळी होती. थांबा, थांबा, थांबा.

आणि त्याच्या खालची तिची बांधी कडेकडेने तांबडी होत चालली होती.

धानाचे भारे बांधून होईपर्यंत तिच्या बांधीचा वरचा अर्धा भाग हातातून गेला. टाच मारली तर खणकन वाजत होता. खालच्या अर्ध्यात अजून वाफसा होता. पेरणीयंत्र दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. त्याआधी सकाळीच गभनेचं खोदायचं यंत्र आलं.

नितेश यंत्रवाल्याला बांधी दाखवत होता. पडदा कुठून कुठवर घालायचा ते बघायला देवांगना खालच्या कडेने चालत गेली. टोलीची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती. विहिरीवर सायत्राबाई पाणी काढत होती. दर वर्षी देवांगनाच्या बांधीत रोवणीला येणारी, मासळी विकून घर चालवणारी म्हातारी. बादली खाली गेली आणि दगडावर आपटल्याचा आवाज आला. सायत्राबाईने दोर हलवून बादली आडवी केली, पुन्हा ओढली. निम्मी बादली गढूळ पाणी वर आलं.

"लवकरच खालतं गेलं औंदा," ती देवांगनाला पाहून म्हणाली. "कार्तिकात असं कधी झालं नाही, माय. पाऊस तं बरा आला होता ना?"

"बरा आला होता," देवांगना म्हणाली.

"मंग पाणी गेलं कुठं?"

देवांगनाला उत्तर माहीत होतं. ते तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये होतं, रंगांसकट. सायत्राबाई तिच्याकडून खरंच काहीतरी कळेल अशा नजरेने बघत होती. गावाला पाण्याबद्दल सांगणारी बाई म्हणून.

"ताई, इकडून सुरू करू का?" यंत्रवाला ओरडला.

"नका करू," देवांगना म्हणाली. तिथवर ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं, "सुरू नका करू! यंत्र घेऊन जा."

नितेश धावत आला. "काय झालं?"

"विहीर आटली. वरून पडदे घातले म्हणून आटली. आपण घातला तं हिवाळ्यातच कोरडी पडते."

"आपल्यामुळे नाही आटली. अन् तुह्या दादाने केला का आपला विचार? आपलं अर्धं शेत गेलं, देवांगना. उरलेलंही घालवायचं?"

"त्याने नाही केला, ते मले कसं लागलं, तुमी पाहिलं ना?" ती म्हणाली. "आता तेच मी हिले करू?"

नितेशला ते पटलं नव्हतं. पण तो यंत्राकडे गेला आणि ट्रॉलीवर चढवायला सांगून आला. देवांगना तशीच चढाने खेमराजच्या बांधीकडे निघाली. इतक्या महिन्यांत जे बोलायचं ती टाळत होती, ते आता थांबवून धरणं तिला शक्यच नव्हतं.

खेमराज बांधीच्या मधोमध उकिडवा बसला होता. त्याच्या पावलांना चिखलाचे जोडे झाले होते. समोर पेरणीच्या ओळी दिसत होत्या. नकाशाने थांबायला सांगितलं असतानाही त्याने पेरलं होतं.

ती जवळ गेली तेव्हा त्याने मूठ उघडून दाखवली. बी फुगून फाटलं होतं, वरचं साल सुटून निसरडं झालं होतं. आंबूस वास आला.

"कुठंही उकरलं तरी हेच," तो म्हणाला. "साऱ्या गावाचं पेरून झालं. वाट तरी किती पाहू? उशीर झाला तं शेंगाच भरत नाही."

"पडदा काप, दादा."

"कापलं तं सारं तुह्याकडे जाईन."

"जाईन. पण तुही माती मोकळी होईन. पाणी राहणं पाहिजे तेवढंच त्याचं जाणंही पाहिजे. ते कोंडलं म्हणून बी मेलं."

"आता कापून मले काय भेटते? बी गेलं, वेळ गेली." तो उभा राहिला. "तुले भेटंन. दर वर्षी तुलेच भेटते."

"मले!" देवांगनाचा तोल सुटला. "माही अर्धी बांधी वीट झाली, जाऊन पाय ठेवून पाह्य! तू एक शब्द तरी बोलला का मले? राखीले आली, तवाही नाही बोलला. सांगतलं असतं, देवांगना, माह्या शेतात वाफसा टिकत नाही, काय करू? तं दोघं मिळून काही केलं असतं. तू यंत्रच आणलं!"

खेमराजने हातातलं बी चोळून खाली टाकलं.

"वाटणीत ते बांधी तुले दिली, तवा ते वाईट आहे हे मले माहीत होतं," तो म्हणाला. "तू काही म्हणलं नाही. मंग तेच सोनं झालं. मी रोज मोबाइलवर पाहत होतो तो बाण. जेवताना पाहत होतो. असं वाटे का कोणी घरातून उचलून नेऊन राह्यलं. अन् पहिले कधी पाहिला नव्हता, तवा काहीच वाटत नव्हतं."

देवांगना धुऱ्यावर बसली. तिला रडूही येत होतं आणि खालच्या अर्ध्या बांधीचा वाफसा चालला आहे याची घाईही होती.

"माह्या खालच्या धुऱ्यावर आज पडदा पडणार होता," ती म्हणाली. "मी यंत्र वापस पाठवलं. टोलीची विहीर आटली आहे. तुले सांगायलेच आली."

खेमराजने खाली टोलीकडे पाहिलं. मग तो आपल्या शेतातल्या झोपडीतून कुदळ घेऊन आला.

धुरा खणायला वेळ लागला. काळं प्लास्टिक उघडं पडलं तेव्हा त्यामागची माती फुगून पुढे आलेली दिसत होती. खेमराजने विळ्याने पडदा उभा फाडला. आधी काहीच झालं नाही. माती तशीच भिंतीसारखी उभी राहिली. दोघं वाकून बघत राहिली. मग खालच्या कोपऱ्यातून करंगळीएवढी गढूळ धार सुटली.

"इतकंच?" खेमराज म्हणाला.

"चिकण माती आहे. हळूच सोडते."

तिचं म्हणणं खरं होतं आणि तेच तिच्यावर उलटलं. दुसऱ्या दिवशी खालच्या अर्ध्यात पेरून झालं, ते चांगलं उगवलं. वरच्या अर्ध्यात ओल पोहोचेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. तिथे उशिरा पेरलेलं सोयाबीन फुलावर असतानाच ऊन तापलं आणि शेंगा चपट्याच राहिल्या. खेमराजच्या हाती सोयाबीनचा दाणाही लागला नाही. पण मळणीच्या दिवशी तो आणि वहिनी न बोलावता तिच्या खळ्यावर आली आणि शेवटपर्यंत थांबली. विहीर पूर्ण भरली नाही, तरी बादली दगडाला लागणं थांबलं.

उन्हाळ्यात गभने नवीन माल घेऊन आला. या पडद्याला लोखंडी झडप होती. पेरणी होईपर्यंत बंद ठेवायची, मग उघडायची. मोबाइलवरूनही उघडता येईल, संगणकच ठरवेल कधी ते, असं तो सांगत होता. त्यावरून ग्रामसभा तापली. वरच्यांना झडप बंद हवी, खालच्यांना उघडी. संगणकाने ठरवलं तर भांडायचं कुणाशी, असंही कुणीतरी ओरडलं. शेवटी झडपा हातानेच फिरवायच्या ठरल्या, चावी लावून. वरून खाली उतरणाऱ्या शेतांच्या प्रत्येक रांगेला एक चावी. चावी कुणाकडे ठेवायची, इथे सगळं अडलं.

खेमराज उठला. "आमच्या रांगेची देवांगनाकडे राहू द्या," तो म्हणाला. "तिले समजते."

सर्वांना ते मान्य होण्यासारखं होतं. देवांगना मात्र मान हलवत उभी राहिली.

"मी मधात आहे. वरचं मले पाहिजे अन् खालचं सोडायले मन होत नाही, हे मी पाहून झालं. आमच्या रांगेची चावी सायत्राबाईकडे द्या. तिच्या खालतं कोणी नाही."

सभेत गलका झाला. "तिच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे का?" कुणीतरी विचारलं.

"विहीर आहे," देवांगना म्हणाली.

"अन् तिने भर पेरणीत उघडली मंग?" हा खेमराजचा आवाज होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. तसं ती करणारच नाही असं आपण सांगू शकत नाही, हे देवांगनाने कबूल केलं. सायत्राबाई दाराशी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ठराव थोड्याच मतांनी झाला, तोही एकाच रांगेपुरता. बाकीच्या रांगांचं भांडण पुढल्या सभेवर गेलं.

त्यांच्या रांगेत झडपेचे पडदे बसले. कार्तिक आला. देवांगनाने धान कापून भारे उचलले. वरच्या कडेची माती पांढुरकी व्हायला लागली होती. ती सकाळपासून धुऱ्यावर येरझारा घालत होती. जास्तीचं पाणी झडपेतून थोडं थोडं सोडल्याने या खेपेला वर खेमराजची बांधी नुकतीच हिरवी झाली होती, पण त्याचं पेरणीयंत्र अजून उभंच होतं. तिला हाक मारावीशी वाटत होती आणि मारवतही नव्हती.

तेवढ्यात सायत्राबाई टोलीकडून चढ चढताना दिसली. झडपेची लांब लोखंडी चावी तिने खांद्यावर घेतली होती. ती देवांगनाजवळ थांबली नाही. सरळ वर गेली, झडपेजवळ उभी राहिली आणि दम खाऊन तिने विचारलं,

"खेमराजभाऊ, पेरणं झालं का?"

खेमराज हातात माती घेऊन उभा होता. त्याने गोळा दाबला, बोटाने फोडला. खालून देवांगनाला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"उद्या करतो, माय," तो म्हणाला.

"उद्या कायले? माती तं झाली ना?" सायत्राबाई धुऱ्यावर बसली आणि चावी मांडीवर आडवी ठेवली. "आजच कर. झालं की झडप पुरी उघडते, तवर मी बसते इथंच."

खेमराजने हात झटकले, ट्रॅक्टरवर चढला आणि यंत्र सुरू केलं.